नाव आणि हाक



समाजशास्त्र म्हटले की जाड ग्रंथ, कोष्टके आणि परदेशी पंडितांची नावे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि आपण संसारी माणसे त्या वाटेला जात नाही. परंतु ह्या शास्त्राची एक प्रयोगशाळा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे आणि तिला भाडे पडत नाही. सकाळच्या चहापासून रात्री दिवा मालवीपर्यंत घरात कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, एवढेच एक दिवस कान देऊन ऐकावे. वडील मुलाला 'अरे' म्हणतात, मुलगा वडिलांना 'अहो' म्हणतो. तोच मुलगा आईला मात्र 'अगं' म्हणतो. नवरा बायकोला नावाने हाक मारतो, बायको त्याला 'अहो' म्हणते, आणि पुढे पुढे 'अहो' हेच त्याचे नाव होऊन बसते. भांडी घासावयास येणारी बाई सर्वांचीच 'मावशी' असते. हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही पाहण्यासारखे आहे असे आपल्याला वाटतच नाही. आज सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील काही उदाहरणे घेऊन मी नेमके त्याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे.

अशा गोष्टींकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची गोडी मराठी वाचकाला ज्यांनी लावली, त्या डॉ. इरावती कर्वे ह्यांचे नावच मुळी विचार करण्यासारखे आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला आणि तेथील इरावती नदीवरून आईबापांनी मुलीचे नाव ठेवले. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा अशी नद्यांची नावे मुलींना देण्याची आपली जुनी रीत परमुलखात अशी पाळली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असता त्यांनी देशभरच्या आप्तसंबंधांचा अभ्यास केला, आणि १९५३ साली त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. नात्यांचे शब्द हे नुसते शब्द नसून जुन्या विवाहरीतींचे दस्तऐवज असतात, ही दृष्टी अशा अभ्यासाच्या मुळाशी आहे.

तिचा पडताळा आपल्याकडेच पाहा. कराड-वाळव्याकडच्या जुन्या घरांतून सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत आली. आता सासू ही आत्या कशी? मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ जातींत होती. अशा मुलीला सासू मिळे ती तिच्या बापाची सख्खी बहीण, म्हणजे आत्याच. आणि आत्याचा यजमान तो मामा. पुढे अगदी परक्या घराण्यातली सून आली तरी हाक तीच राहिली. उत्तरेत अशी लग्ने निषिद्ध, दक्षिणेत ती आवडीची, आणि आपण मध्ये. सुनेच्या तोंडचा एक शब्द आपला भूगोल असा सांगून जातो. हल्ली शहरात सून सासूसासऱ्यांना 'आई-बाबा' म्हणू लागली आहे. हा बदल गोड आहे, परंतु मुलीने आपली आई एका दिवसात दुसऱ्या बाईला देऊन टाकावी ही अपेक्षाही त्यात आहे. जावयावर तशी सक्ती फारशी कोणी करीत नाही.

आता 'तू' आणि 'तुम्ही' ह्यांचा प्रश्न. पाठ्यपुस्तके सांगतात की 'तू' हे एकेरी आणि 'तुम्ही' हे आदरार्थी. परंतु आपण देवाला काय म्हणतो? विठ्ठलाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, लहान मुलाला 'तू' म्हणतो, आणि पूर्वी गड्यालाही 'तू'च म्हणत असू. तेव्हा केवळ 'तू' ऐकून आदर आहे की अनादर हे ठरविता येत नाही. माझ्या मते ह्याची कसोटी एकच आहे: हाक परत येते की नाही ते पाहावे. दोन मित्र एकमेकांना 'अरे' म्हणतात. तेथे हाक जशी जाते तशी परत येते. मालक गड्याला 'अरे' म्हणतो आणि गडी मालकाला 'जी मालक' म्हणतो. तेथे ती परत येत नाही. एकतर्फी हाकेच्या दोन टोकांना जी उंची-खोली असते, तिलाच ग्रंथकार सत्ता म्हणतात. देवाची गोष्ट निराळी. तो कोणालाच हाक मारीत नाही.

ही कसोटी हातात घेतली की 'मावशी' ह्या गोड शब्दाकडेही थोडे निरखून पाहावे लागते. घरकामाच्या बाईला, इस्पितळातल्या आयेला, शाळेतल्या शिपाईणीला आपण मावशी म्हणतो, आणि नोकर म्हणण्यापेक्षा ते निश्चितच चांगले. पण ती आपल्याला भाचा-भाची मानून एकेरी हाक मारते काय? ती म्हणते 'वहिनी', 'ताई', अलीकडे 'मॅडम'. नाते लावले आपण, ते पाळले जाते एका बाजूने, आणि चहाचा तिचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. तिचे खरे नाव काय, असे विचारले तर दहा-दहा वर्षे जिच्या हातचे घर चालले तिच्याविषयी अनेक घरांत क्षणभर शांतता पसरेल. माझ्या घरात ती पसरली होती, म्हणून हे बोलण्याचे धैर्य करतो.

नाव माहीत नसणे ही गोष्ट केवळ मोलकरणीच्याच वाट्याला आली असे मात्र नाही. देवराष्ट्रे हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. तेथे १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी जन्मलेली यमुना १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्याशी विवाह होऊन रमा झाली. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्याच्या सेवासदनाचे कार्य उभारले आणि १९१० साली आपल्या आयुष्यातील आठवणी प्रसिद्ध केल्या. माहेरचे नाव उंबरठ्याबाहेर ठेवून सासरी यावयाचे, ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले जावयाचे, आणि ज्याने ते लिहिले त्याचे नाव मात्र आपण जन्मभर उच्चारावयाचे नाही, अशी ती रीत. त्या पिढीच्या बायका पतीचा उल्लेख 'इकडून', 'तिकडची स्वारी' अशा आडवळणांनी करीत, आणि काही घरांत तर 'स्वतः' हा शब्दच पतीसाठी योजला जाई. 'स्वतः जेवले का?' म्हणजे यजमान जेवले का! मराठी भाषेत 'स्वतः' ह्या शब्दाचा बाईच्या तोंडी असा अर्थ व्हावा, ह्यावर मी काय भाष्य करावे?

उखाणा हा त्याच बंदीतून निघालेला कवडसा. नाव घ्यावयाचे नाही, पण मंगळागौरीला, बारशाला, हळदीकुंकवाला बायकांच्या मेळाव्यात मात्र घ्यावयाचे, आणि तेही यमकात गुंडाळून. पुरुष जेथे नसत तेथेच हा खेळ रंगे. एखादी धीट बाई नावाबरोबर यजमानांची खोडही सांगून टाकी आणि माजघर हशाने भरून जाई. बंधन आणि मौज ह्यांची अशी गाठ आपल्या चालीरीतींत ठायी ठायी आहे. म्हणून 'हे सर्व जुलमाचे होते' असे सरसकट म्हणणारे आणि 'हे सर्व मोठे सुंदर होते' असे म्हणणारे, दोघेही मला अर्धेच ऐकणारे वाटतात.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजीचे माहेर वाई तालुक्यातले, सासर सांगलीचे. दिरांची ती वहिनी, म्हणून पोटच्या मुलांचीही वहिनी आणि आम्हा नातवंडांचीही वहिनी. ती वारली तेव्हा नोंदीसाठी तिचे पूर्ण नाव हवे होते. सासरचे नाव वडिलांना आठवले. माहेरचे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. तेराव्याला तिचे धाकटे भाऊ आले, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना विचारताच त्यांनी ते नाव सांगितले. सांगितले म्हणण्यापेक्षा अंगणातून बहिणीला हाक मारावी तसे उच्चारले. साठ वर्षांत आमच्या घरात तो शब्द कोणी काढला नव्हता. तो मी येथेही सांगत नाही. तिच्या भावाच्या आवाजात तो जेथे ऐकला तेथेच राहू द्यावा असे वाटते.

नाव ठेवण्याची आणखी एक तऱ्हा आपल्या मुलखात आहे, आणि आजच्या भाषणाचा माझ्या दृष्टीने तोच मुख्य भाग आहे. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, उकिरडा ही नावे आपण ऐकलेली असतील. शहरातली मुले ती ऐकून हसतात. परंतु ही नावे ज्यांना ठेवली ते मुलगे नकोसे नव्हते. उलट फार नवसाचे होते. आधीची दोन-तीन बाळे दगावली की आईचा जीव धसकत असे. मग नवे बाळ जन्मताच क्षणभर उकिरड्यावर ठेवावे, शेजारणीने उचलून आणावे, पसाभर धान्य देऊन आईने ते तिच्याकडून परत घ्यावे, मुलाचे नाक टोचावे आणि नाव दगड किंवा कचरा ठेवावे. सटवीला, मृत्यूला, वाईट नजरेला असे भासवावयाचे की येथे नेण्यासारखे काही नाही. बालमृत्यू घरोघर असलेल्या काळातली ती एक करुण चतुराई होती. नाव हलके, कारण जीव अमोल.

ह्याच्या शेजारी आता दुसरे नाव ठेवा: नकोशी. कोठे नकुशी, कोठे नकुसा. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी मुलगी झाली की तिला हे नाव ठेवीत. मुली आता पुरेत, पुढचा मुलगा दे, असा दैवाला धाडलेला तो निरोप. दगडू आणि नकोशी ही दोन्ही नावे वरवर एकाच जातीची, अभद्र नावे वाटतात. पण दगडूच्या नावात खोटे बोलून जीव वाचविला जातो आणि नकोशीच्या नावात खरे बोलून तो दुखविला जातो. पहिले नाव त्या बाळासाठी ठेवलेले असते. दुसरे तिच्यासाठी नसतेच, ते अजून न जन्मलेल्या भावासाठी असते. ही रीत केवळ आपल्याच मुलखाची नव्हे. हरियाणात 'भतेरी', म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत 'वेण्डाम', म्हणजे नको. आणि चीनमध्ये मुलीला भाऊ बोलावून आण असे सांगणारे 'झाओदी' हे नाव असते. भाषा वेगळ्या, निरोप एकच.

सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्याने अशा मुलींचा शोध घेतला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुलींनी फुले घेतली, नव्या नावाची प्रमाणपत्रे घेतली. कोणी सिनेमातल्या नटीचे ऐश्वर्या हे नाव पसंत केले, कोणी वैशाली. ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत आली. त्यावर अनेकांनी नाकेही मुरडली: कागदावरचे नाव बदलून काय होणार, घरचे तर जुन्याच नावाने हाक मारणार! ह्या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी शाळेची हजेरी डोळ्यांपुढे आणावी. गुरुजी रोज सकाळी पुकारतात, 'नकोशी!' आणि त्या पोरीने चाळीस मुलामुलींदेखत उठून म्हणावयाचे, 'हजर!' वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस, आणि अशी दहा वर्षे. त्या एका हाकेतून सुटका होणे ही, ज्याला चांगले नाव आयते मिळाले त्याला क्षुल्लक वाटेल; तिला ती वाटणार नाही. शिवाय नाव बदलण्याच्या निमित्ताने आईबापांना चारचौघांत उभे राहावे लागले, आणि मुलीला आपले नाव आपण निवडता येते हे तिला स्वतःला कळले. ह्या 'स्वतः'चा अर्थ येथे मी सरळच घेतो.

तथापि एक गोष्ट बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. नकोशी हे जिचे नाव, ती निदान जन्मली. यंत्र आल्यावर तेही राहिले नाही. २००१ च्या शिरगणतीत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात ९१३ भरल्या, आणि सांगली जिल्ह्यात अवघ्या ८५१. सांगली काही दरिद्री मुलूख नव्हे. कृष्णा-वारणेचे पाणी, ऊस, साखर कारखाने, द्राक्षे, हळदीची मोठी पेठ, शाळा-महाविद्यालये, सर्व काही तेथे आहे. आणि मेख तेथेच आहे. गर्भाचे लिंग पाहावयाचे तर हातात पैसा हवा, दवाखान्यापर्यंत रस्ता हवा आणि पोटची जमीन वाटली जाण्याची धास्ती हवी. ही तिन्ही सुबत्तेबरोबर येतात. असली तपासणी बंद पाडण्यासाठी कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. त्यानंतर १९९४ साली सबंध देशाचा कायदा झाला. असे असूनही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, गर्भपात करविताना एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर पोलिसांनी ओढ्याकाठी उकरले तेव्हा तेथे पुरलेले १९ गर्भ सापडले. त्यांना दगडू म्हणावे की नकोशी, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. नाव ठेवण्यापूर्वीच ते काम उरकले होते.

एवढ्या जड विषयानंतर थोडे देवळांकडे वळू. नावावरून दैवत कळते आणि दैवतावरून मुलूख कळतो. पालच्या खंडोबावरून खंडू, शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवावरून शंभू आणि महादू, म्हसवडच्या सिद्धनाथावरून सिदू, आरेवाडीच्या बिरोबावरून बिरू. बिरू म्हटले की धनगराचे पोर, हे माणदेशात सांगावे लागत नाही. आडनावांची गंमत ह्याहून वेगळी आहे. महात्मा फुले ह्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांचा धंदा घरात आला आणि गोऱ्हे फुले झाले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्याही सातारा जिल्ह्यातीलच, खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. जन्म ३ जानेवारी १८३१. मिरज-सांगलीकडे पाटील, इनामदार, देसाई ही आडनावे हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. शिकलगार, अत्तार, तांबोळी ही धंद्याची. आडनाव वतन किंवा धंदा सांगते, धर्म सांगावयाचे काम पहिल्या नावाकडे असते, आणि कधी कधी तेही चकवते. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (मूळ नाव तुकाराम) ह्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली निघाली. तिचा नायक मांग समाजातला वीर, आणि नाव मात्र फकिरा. पिराला नवस बोलून झालेल्या मुलाला फकीर, पिराजी असे नाव ठेवणे हे आपल्या खेड्यांत कोणाला धर्मबाह्य वाटले नाही. कडेगावच्या मोहरमात उंचच उंच ताबूत निघतात, त्यांत हिंदू घराण्यांचाही वाटा असतो. मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो. 'मान' हा शब्द येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर्षभर गावगाड्यात ज्यांना मागे उभे राहावे लागे, त्यांना वर्षातून एक दिवस पुढे बोलावण्याची ही सोय. एक दिवस पुढे हे खरे, आणि बाकीचे दिवस मागे हेही खरेच.

जातीची सत्ता हाकेत कशी वसते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण सातारच्या एका शाळेच्या दफ्तरात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत, जी आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, एक विद्यार्थी दाखल झाला. दाखल्यातले नाव भिवा. हेच पुढे डॉ. भीमराव आंबेडकर. शाळाप्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांनी बसावयाचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि शिपायाने नळ उघडला तरच पाणी प्यावयाचे; हे त्यांनीच पुढे इंग्रजी आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच आठवणींत मसूर स्टेशनची हकीकत आहे. वडील गोरेगावी नोकरीला, म्हणून ही मुले नवे कपडे घालून आगगाडीने निघाली. मसूरला उतरली, न्यावयास कोणी आलेले नव्हते. कपड्यांवरून स्टेशनमास्तरांना मुले ब्राह्मणांची वाटली. त्यांनी आस्थेने चौकशी केली. कोण तुम्ही, असे विचारताच भिवाने सरळ उत्तर दिले, आम्ही महार. तेवढ्या एका शब्दासरशी मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनी स्वतः हाकावयाचे आणि गाडीवानाने सोबत पायी चालावयाचे, अशा अटीवर एक जण तयार झाला. मुले तीच होती, कपडे तेच होते. मधे फक्त एक नाव उच्चारले गेले होते.

त्या काळी महाराने वरिष्ठ जातीच्या माणसाला 'जोहार मायबाप' म्हणावयाचे असे. मघाची कसोटी येथे लावून पाहा: जोहाराला उलट जोहार नव्हता. धर्मांतराच्या चळवळीबरोबर घरोघर रुजलेला 'जयभीम' हा शब्द मात्र ज्या शब्दाने घातला जातो त्याच शब्दाने परत येतो. घोषणा म्हणून त्याची चर्चा पुष्कळ होते. परत येणारी हाक म्हणून त्याचे जे महत्त्व आहे ते फारसे कोणी सांगत नाही. माणसांप्रमाणे वस्त्यांचीही नावे आहेत. महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक नावे बदलून त्या ठिकाणी समतानगर, भीमनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या ज्या अंगाला होती त्याच अंगाला राहते, हे कोणी सांगावयास नको. पण पत्ता सांगताना जात सांगावी लागत नाही, एवढे तरी झाले. आणि मसूरच्या फलाटावरील मुलाची आठवण ज्याला आहे तो ह्याला थोडे म्हणणार नाही.

शेवटी एका ताज्या फेरबदलाविषयी. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरविले की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची नोंद शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने व्हावी. आजवर मराठी माणसाच्या नावात मधली जागा बापाची होती. आई कागदावर असलीच तर वेगळ्या रकान्यात, कोपऱ्यात. आता ती हजेरीत वाचली जाईल. अंगणवाडीत आज नाव सांगावयास शिकणाऱ्या मुलीला आपल्या आईचे नाव घेऊनच पुढे जावे लागेल; आमच्या आजीच्या नावाचे जे झाले ते निदान ह्या आयांच्या नावांचे होणार नाही. मात्र निर्णय पुढे वाचला पाहिजे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत जुनीच पद्धत चालू ठेवली आहे, म्हणजे तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात हवे तर विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा आहे. म्हणजे मुलाच्या नावात आई कायमची आली, आणि मुलीच्या नावात ती लग्नापर्यंत आली. त्या मुली आज फार लहान आहेत. तो रकाना कसा भरावयाचा हे ठरविण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे.